नाण्याची चूक आणि नाण्याची जखम

सध्या मोबाइलवर दर आठवड्याला एक तरी व्हिडिओ फिरतो. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाच किंवा दहा रुपयांचे नाणे तुमच्याकडे आहे का? ट्रॅक्टरची पाचची नोट आहे का? क्रमांकात ७८६ असलेली नोट आहे का? असेल तर तुम्ही लखपती झालात म्हणून समजा! अलीकडे या यादीत ‘चुकीच्या’ नाण्यांची भर पडली आहे. कडा तुटलेले, अक्षर गायब झालेले, चित्र सरकलेले, रंग बदललेले, असे काहीही चालते. मग मौद्याच्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बाईपासून ऑटोवाल्यापर्यंत सगळे रात्री गल्ला ओतून नाणी उलटीपालटी करत बसतात.

या लोकांना हसणाऱ्यांपैकी मी नाही. टांकसाळीत चुका होतात, चुकलेली काही नाणी बाहेर येतात आणि त्यातल्या काहींना संग्राहक खरोखर चांगली किंमत देतात, हे खरे आहे. म्हणजे मूळ बातमी खोटी नाही. खोटे आहे ते तिला चिकटवलेले शेपूट, म्हणजे ‘वेगळे दिसते ना, मग ते मौल्यवानच.’ वेगळ्या दिसणाऱ्या नाण्यांपैकी बहुतेक नाणी चुकलेली नसतात, जखमी झालेली असतात. चूक टांकसाळीत होते, जखम बाजारात होते. हा फरक ओळखायला इंग्रजी पुस्तके लागत नाहीत आणि नागपूरला जावे लागत नाही. एक भिंग, एक लोहचुंबक, सराफाचा काटा आणि दहा मिनिटे पुरतात. एवढी साधी गोष्ट आपण कुणाला शिकवत नाही, म्हणून तिच्या अभावी गरिबाच्या खिशातून पैसे जात आहेत. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती आपल्या सगळ्यांविषयी आहे.

माझ्या एका शागिर्दाचे वडील हमाली करतात. त्यांना पाच रुपयांचे एक नाणे मिळाले. त्याची एक बाजू चंद्रकोरीसारखी कापलेली होती. त्यांनी फोटो कुठल्याशा नंबरवर पाठवला. तिकडून आवाज आला, ‘तीन लाख देतो.’ आधी नोंदणीचे अकराशे रुपये भरा. भरले. मग जीएसटी भरा. तोही भरला. मग ‘रिझर्व्ह बँकेचा’ कागद आला, शिक्क्यासकट, आणि त्याची फी. साडेसात हजार गेल्यावर फोन बंद. त्यानंतर ते शाळेत आले आणि ओशाळून म्हणाले, “आपा, पैसे गेले ते गेले. पण नाणे खरे आहे का, एवढे बघून सांगा.” त्या नाण्याचे काय निघाले ते पुढे सांगते. आधी नाणे कसे तयार होते ते पाहू, कारण ते कळल्याशिवाय पारख होत नाही.

आपल्या देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार ठिकाणी सरकारी टांकसाळी आहेत. तिथे धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या तापवून मऊ करतात, त्यांची कड थोडी उचलून घेतात. मग एकेक चकती दोन ठशांच्या मध्ये येते. एक ठसा वर, एक खाली, आणि चकतीभोवती पोलादी कडे. प्रचंड दाबाने एकाच ठोक्यात दोन्ही बाजूंची चित्रे उमटतात. चकती पसरू पाहते, पण भोवतालचे कडे तिला आवरते, म्हणून नाणे नेमके गोल राहते आणि कड सरळ येते. नाणे ‘पाडणे’ हा आपला मराठी शब्द याच ठोक्याचा आहे.

आता या साखळीत कुठे काय बिघडू शकते ते बघा. चकती कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावर कात्री येऊन चकतीचा घास तुटतो. चकती ठशाखाली मध्यभागी बसली नाही, तर चित्र एका बाजूला सरकते आणि उरलेली जागा कोरी राहते. ठशाला तडा गेला, तर त्या तड्यात धातू शिरून नाण्यावर उंच रेघ उमटते. ठशाच्या खाचेत तेल आणि धातूचा चुरा साचला, तर एखादे अक्षर पुसट येते किंवा येतच नाही. ठसा आपल्या जागी फिरला, तर एक बाजू सरळ धरून नाणे उलटल्यावर दुसरी बाजू तिरपी किंवा उलटी दिसते. आणि आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटे, आत खोल गेलेले उमटते. आपल्याकडचे नाण्यांचे व्यापारी याला ‘लाखी’ म्हणतात.

चुकांचे प्रकार एवढेच, आणि यांचीच थोडी भावंडे. म्हणून पारखीचा पहिला प्रश्न ‘हे वेगळे दिसते का’ असा नाही. पहिला प्रश्न हा की, हे जे झाले आहे, ते ठशाखाली घडू शकते का? कधी, कोणत्या पायरीवर घडले असेल, हे सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल, तर ते बहुधा टांकसाळीबाहेर घडले आहे.

दुसरा प्रश्न, धातू कुठे गेला? ठशाच्या तड्यामुळे आलेली रेघ नाण्यावर उंच असते, बोटाला लागते. ओरखडा खोल असतो, आणि त्याच्या दोन्ही कडांना ढकललेला धातू वर आलेला भिंगातून दिसतो. अक्षर ठशातच भरून गेले असेल, तर ती जागा गुळगुळीत असते आणि शेजारची अक्षरे ठसठशीत असतात. अक्षर कुणी घासून काढले असेल, तर तिथे बारीक समांतर रेघा आणि वेगळी चमक दिसते. आम्लात टाकलेल्या नाण्याची सगळीच अक्षरे एकसारखी बारीक होतात आणि वजन घटते. रुळावर ठेवून चपटे केलेले नाणे पसरते, पण त्यावरचे चित्रही नाण्याबरोबर ताणले जाते. टांकसाळीत कड्याशिवाय पाडलेले नाणे पसरले तरी चित्र आपल्या मापाचेच राहते.

तिसरा प्रश्न, दोन्ही बाजू एकच साक्ष देतात का? नाणे दोन ठशांमध्ये एकाच वेळी पडते, म्हणून बऱ्याच खऱ्या चुका दोन्ही बाजूंना दिसतात. चित्र सरकलेले असेल, तर मागचेही त्याच हिशेबाने सरकलेले हवे. एका बाजूला कोरी चंद्रकोर आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण चित्र असेल, तर एक बाजू कुणीतरी घासली असल्याची शंका घ्यावी. खोट्या लाखीचेही तसेच. दोन नाणी समोरासमोर ठेवून शिकंज्यात दाबली की एकाचे चित्र दुसऱ्यावर उलटे उमटते. पण तिथे मूळ चित्राचे चपटे अवशेष मागे राहतात. खऱ्या लाखीत त्या बाजूचे मूळ चित्र कधी उमटलेलेच नसते, त्यामुळे अवशेषही नसतात.

आता हमालभाईंच्या नाण्याकडे येते. चकतीचा घास तुटण्याची चूक टांकसाळीत होऊ शकते, म्हणजे पहिला प्रश्न पार झाला. पण अशा खऱ्या नाण्याला एक खूण असते. चकतीची कड उचलून घेताना तुटलेल्या भागाच्या नेमक्या समोरच्या बाजूला दाब नीट बसत नाही, म्हणून समोरची कड बहुतेक वेळा पुसट किंवा बसकी येते. शिवाय तुटलेल्या जागेजवळची अक्षरे पसरून विरघळल्यासारखी होतात, कारण ठोका पडताना धातू त्या रिकाम्या बाजूला वाहतो. या नाण्याची समोरची कड ठणठणीत होती. अक्षरे सुरीने कापल्यासारखी थांबली होती. कापलेल्या भागावर कानशीच्या बारीक रेघा होत्या. नाणे कुणीतरी घासलेले होते. मी त्यांना भिंग दिले आणि शेजारी पाचचे दुसरे नाणे ठेवले. पाच मिनिटांत त्यांनी स्वतःच सांगितले, “हे तर कानशीचे काम आहे, आपा.” ज्या माणसाने आयुष्यभर लोखंड उचलले, त्याला कानशीची खूण मला शिकवावी लागली नाही. त्याला फक्त कुठे बघायचे ते कुणी सांगितले नव्हते.

काही समज एवढे पसरले आहेत की त्यांचा निकाल इथेच लावते.

‘या नाण्यावर वर्षाखाली खूण नाही, म्हणजे चुकले.’ नाही. मुंबईच्या नाण्यावर चौकट म्हणजे हिऱ्यासारखी खूण असते, हैदराबादच्या नाण्यावर तारा, नोएडाच्या नाण्यावर टिंब. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसतेच. खूण नाही याचा अर्थ नाणे कोलकात्याचे आहे.

‘हा रुपया लहान आहे, हलका आहे.’ १९९२ नंतरचा स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा आणि ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ मध्ये आलेला रुपया २२ मिलिमीटरचा आणि ३.७९ ग्रॅमचा होता. पाच रुपयांचे जुने जाड नाणे ९ ग्रॅमचे, नंतरचे ६ ग्रॅमचे. माप सरकारने बदलले, टांकसाळ चुकली नाही. म्हणून वजन करण्याआधी त्या वर्षाचे खरे वजन माहीत करून घ्यावे. लोहचुंबकाचेही तेच. स्टीलचे नाणे चिकटते, तांबे-निकेलचे चिकटत नाही. पण पाचच्या नाण्यात दोन्ही प्रकार होऊन गेले आहेत, हे आधी लक्षात घ्यावे.

‘दहाच्या नाण्यातला मधला भाग फिरलेला आहे.’ हा प्रकार सध्या फार चालतो. दहाच्या नाण्यात बाहेरचे कडे आणि मधली चकती हे दोन तुकडे एकमेकांत पक्के बसतात तेच मुळी ठशाच्या ठोक्याने. दोन्ही तुकड्यांवर चित्र एकाच क्षणी उमटते. म्हणून मधले चित्र बाहेरच्या मजकुराच्या हिशेबाने तिरपे किंवा उलटे असेल, तर कुणीतरी ठोकून मधला भाग बाहेर काढला आणि फिरवून परत बसवला, असाच त्याचा अर्थ. टांकसाळीत हे घडायला वाटच नाही.

दहाच्या नाण्याचा आणखी एक त्रास आपण भोगलेला आहे. दहा पाकळ्यांचे खरे की पंधरा पाकळ्यांचे, रुपयाचे चिन्ह असलेले खरे की नसलेले, यावरून दुकानांत भांडणे झाली. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की तोवर आलेली दहाच्या नाण्याची १४ रूपे सगळीच चलनी आहेत. एकाच वेळी आपण खरे नाणे खोटे म्हणून नाकारतो आणि मोडके नाणे लाखाचे म्हणून कपाटात ठेवतो. दोन्हींच्या मुळाशी अज्ञान एकच आहे.

इतिहासातले एक उदाहरण आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. पंचम जॉर्जच्या १९११ च्या चांदीच्या रुपयावर राजाच्या झग्यावर एक पदक-साखळी कोरलेली होती आणि तिच्यात बारीक हत्ती होता. कारागिराचा हात असा काही पडला की आखूड शेपटीचा, बुटक्या पायांचा तो हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमानांत संताप उसळला आणि लोक ते नाणे घेईनात. ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यांतले सुमारे ७ लाखच बाहेर आले होते. त्यांतलेही पुष्कळ परत घेऊन उरलेल्या साठ्याबरोबर वितळवले गेले. १९१२ पासून हत्ती नव्याने कोरला गेला. संग्राहक त्या १९११ च्या नाण्याला आजही ‘पिग रुपी’ म्हणून ओळखतात.

या गोष्टीत आपल्या विषयाचे दोन धडे आहेत. पहिला असा की, ही चूक एखाद्या नाण्याची नव्हती, ठशाच्या नक्षीची होती, म्हणून ती १९११ च्या प्रत्येक रुपयावर आहे. तिला किंमत आली ती चुकीमुळे नव्हे, तर नाणी परत घेतली गेली आणि थोडी उरली म्हणून. दुसरा धडा अधिक कामाचा आहे. १९१२ नंतरचे रुपयेही शंभर वर्षे हातोहाती फिरून झिजले. झिजला की चांगला हत्तीही सोंडेचा आणि पायांचा आकार हरवून बसतो, आणि असे झिजलेले रुपये ‘पिग रुपी’ म्हणून पुढे केले जातात. तिथे वर्ष वाचायचे आणि राजाचे कान, मिशा, मुकुट पाहायचे. सगळेच झिजलेले असेल, तर हत्तीला डुक्कर काळाने केले आहे, टांकसाळीने नाही. चूक आणि जखम यांतला फरक इतक्या बारीक जागी उभा असतो.

त्याहून जुन्या नाण्यांना मात्र आजचे नियम लावता येत नाहीत. यंत्रापूर्वीची नाणी हातोड्याने पाडली जात. मुघलांची तशीच, मराठ्यांचीही तशीच. नागपूरकर भोसल्यांच्या नाण्यांवरही मुघल बादशहाचे नाव आणि फारसी मजकूर असे. मुलांना हे सांगितले की मराठीची मुले आणि उर्दूची मुले दोघेही चकित होतात. त्या काळी ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे सगळा मजकूर एका नाण्यावर क्वचितच मावे. कुठे बादशहाचे नाव अर्धे, कुठे वर्ष कापलेले. ही चूक नव्हे, ती त्या कामाची रीत होती. तसेच त्या नाण्यांवर छोटी छिन्नीची किंवा ठशाची टिचकी दिसते. ती सर्राफांनी चांदी पारखताना केलेली खूण असते. आपला ‘सराफ’ शब्द त्या सर्राफाचाच. ही खूण इतिहास म्हणून मोलाची आहे, पण संग्राहक तिला सहसा इजाच समजतात. आणि शेतात नांगरताना असे नाणे सापडले, तर ते परस्पर विकायचे नसते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

आणखी एक वस्तू आपल्या घरांत हमखास निघते. मक्का-मदिनेचे चित्र असलेली पितळी किंवा तांब्याची ‘जुनी नाणी’. शेजाऱ्यांकडे तशीच रामदरबाराची असतात, त्यांवर ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ असे कोरलेले असते. ही चलनी नाणी नव्हेत. श्रद्धेने जवळ ठेवायची टोकने आहेत, आणि १८१८ हा आकडा पुढे जुनेपणा दाखवायला घातलेला आहे. आजोबांची आठवण म्हणून ठेवा, त्यात वाईट काही नाही. पण त्यांच्या नावाने लाख रुपये मागणारा आणि देऊ करणारा, दोघेही फसवत आहेत. विशेष म्हणजे फसवणाऱ्याला मजहब नसतो. तो एका दारावर ७८६ घेऊन येतो आणि पुढच्या दारावर वैष्णोदेवी. वैष्णोदेवीची ती नाणी २०१२ सालची, साधी चलनी नाणी आहेत. खिशात असतील तर खर्च करा.

समजा, तपासून नाणे खरोखर चुकलेले निघाले. तरी ते लाखाचेच असते का? ठशात भरलेले अक्षर, ठशाचा बारीक तडा, ठसा किंचित हलल्याने आलेली दुहेरी सावली, या चुका इतक्या नाण्यांवर होतात की त्यांना दर्शनी किमतीहून फारसे जास्त कुणी देत नाही. चित्र अर्ध्याहून अधिक सरकलेले पण वर्ष वाचता येणारे नाणे, पूर्ण स्वच्छ लाखी, दुसऱ्याच नाण्याच्या चकतीवर पाडलेले नाणे, अशांना खरा भाव असतो. हे असे नाणे हातात आले, तर त्याला चिंच, राख, पितांबरी काही लावू नका. घासून चकाकवले की संग्राहकाच्या लेखी ते जखमी झाले. कागदात गुंडाळा, कडेने धरा, आणि एकाला न दाखवता तिघांना दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि संग्रहालय आहे. मोठ्या शहरांत नाणेसंग्राहकांची प्रदर्शने भरतात, तिथे लोक हातातले नाणे बघून मत देतात. खरा खरेदीदार नाणे हातात घेऊन बघतो आणि पैसे तुम्हाला देतो. तुमच्याकडून आधी पैसे मागणारा खरेदीदार नसतो.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आपले नाव आणि बोधचिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात फी, कमिशन, कर मागितले जात आहेत. बँक असल्या व्यवहारात नसते, असे पैसे कधी मागत नाही, आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. इशारा स्पष्ट होता, पण तो बातमीत आला आणि विरला. व्हिडिओ मात्र रोज येतो. पैसे गेले असतील, तर लाज न बाळगता १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. जितकी घाई कराल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्यातही कानस चालवणारे हात आहेत. ‘आपल्याला फसवले, आता आपण दुसऱ्याला विकू’ असे म्हणणारे मी ऐकले आहेत. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे विद्रूप केलेले नाणे चलन म्हणून ग्राह्य राहत नाही आणि नाणे नष्ट करणे हा गुन्हा आहे. म्हणजे पाच रुपयांचे लाख होत नाहीत, हातचे पाचही जातात. आणि कायदा बाजूला ठेवला तरी दीन आहेच. मालातला ऐब लपवून विकणे आपल्याकडे हराम आहे. ऐब नंतर उघड झाला तर माल परत करण्याचा ग्राहकाचा हक्क फिकहमध्ये ‘खियार-ए-ऐब’ म्हणून स्वतंत्र शिकवला जातो. जखमेला चूक म्हणून विकणे हा ऐब लपवण्याहून पुढचा प्रकार आहे. इथे ऐबालाच गुण म्हणून विकले जाते.

मला दोन गोष्टी ऐकवल्या जातात. पहिली, “गरिबाने आशा ठेवली तर तुमचे काय जाते?” माझे काही जात नाही. त्याचे जाते. साडेसात हजार म्हणजे एका हमालाच्या घरातले दोन आठवडे. आशेला माझा विरोध नाही, पण ज्या आशेची फी भरावी लागते तिला आशा म्हणू नये. दुसरी, “हे श्रीमंतांचे छंद, आपल्या मुलांना कशाला?” उलट आपल्याच मुलांना हवे. जाणकाराला फसवता येत नाही. शिवाय उद्या एखाद्या भाजीवालीच्या गल्ल्यात खरोखर चुकलेले नाणे आले, तर पन्नास रुपये हातावर ठेवून ते घेऊन जाणारेही बाजारात आहेत. खोट्याला लाख समजून ती एकदा लुटली जाते, आणि खऱ्याला मोडके समजून दुसऱ्यांदा. या दोन्हीपासून वाचवणारी गोष्ट एकच आहे.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. आठवीच्या वर्गात वर्षातून एक तास नाण्यांना द्या. मराठी शाळेत द्या, उर्दू शाळेतही द्या. मुलांना घरून पाच-पाच नाणी आणायला सांगा. वजन करणे हे गणित आहे, चुंबक लावणे हे विज्ञान आहे, वर्ष आणि टांकसाळीची खूण वाचणे हा इतिहास आहे, आणि जे दिसले ते चार ओळींत लिहिणे ही भाषा आहे. माझ्या वर्गात मी हे करते. खर्च शून्य. मुलगी घरी जाऊन अब्बूंना सांगते की खूण नाही म्हणजे नाणे कोलकात्याचे, आणि त्या घरात तो व्हिडिओ पुन्हा तसाच चालत नाही. बचत गटाच्या बैठकीत, मशिदीबाहेरच्या ओट्यावर, ऑटो स्टँडवर हेच दहा मिनिटांत सांगता येते. मोबाइलवर वेळ देणाऱ्या आपल्या तरुणांनी मराठीत आणि उर्दूत असे चार व्हिडिओ केले, तर त्यांचे पुण्य आणि सवाब दोन्ही मोठे.

तोवर आज रात्री कुणी तुमच्यापुढे ‘वेगळे’ नाणे ठेवले, तर त्याला हसू नका आणि हुरळूही नका. त्याच किमतीचे, शक्यतो त्याच वर्षाचे एक साधे नाणे शेजारी ठेवा. दोन्हींचे वजन करा. कड बघा, समोरची कड बघा, उलटून दुसरी बाजू बघा. आणि विचारा, हे ठशाखाली घडले की नंतर? उत्तर नाण्यावरच लिहिलेले असते. ते वाचायला शिकवणे आपल्या हातात आहे.